आवाज वाढवून मिळणार नाही

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी पंखा बंद करते. अकोल्यात ऐन उन्हाळ्यात हे करणं म्हणजे आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावण्याचा खात्रीचा उपाय, असं आमच्याकडे म्हणतात. आमच्याकडे म्हणजे माझे यजमान. काही जण खरंच उठून जातात. जो घाम पुसत बसून राहतो त्याला ऐकायची हौस आहे, हे मला कळतं. मग मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसते. माझा धंदा एवढाच.

या धंद्याला मराठीत नाव नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान" म्हणून मोकळी होते. पण दिवाळी अंकासाठी लिहायचं तर नीट सांगायला हवं. मोबाइलमध्ये किंवा संगणकात गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. कानाला आकडे कळत नाहीत. त्या आकड्यांची पुन्हा लहर करणारं एक यंत्र असतं, त्याला आम्ही कन्व्हर्टर म्हणतो. ती लहर फार नाजूक असते. तिला हेडफोनचा पडदा हलवता येईल एवढं बळ देतो तो अँप्लिफायर. साध्या हेडफोनला हे दोन्ही मोबाइलच्या पोटातच मिळतं. पण भारी हेडफोनचे स्वभाव वेगवेगळे. काहींना ढकलायला भरपूर विजेचा प्रवाह लागतो. मोबाइलला लावले तर डास गुणगुणल्यासारखे वाजतात. काही इतके हळवे की जोरदार अँप्लिफायरला जोडले तर गाण्याआधी त्याची सरसरच ऐकू येते. कोणत्या हेडफोनला कोणता कन्व्हर्टर आणि कोणता अँप्लिफायर द्यायचा, हे कागदावरच्या ओहमवरून, म्हणजे प्रवाहाला किती अडथळा होतो त्या आकड्यावरून, निम्मं कळतं. उरलेलं निम्मं त्या माणसाला काय ऐकायचं आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

दुकान मुळात सासऱ्यांचं. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. यजमानांना सोल्डरिंगच्या वासानं डोकं दुखायचं, ते शिक्षक झाले. मी अमरावतीला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली सून. सासऱ्यांचे डोळे अधू झाल्यावर खुर्चीवर मी बसले. पहिली कित्येक वर्षं गिऱ्हाईक यायचं, माझ्या खांद्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, "माणूस कुठी गेला?"

"मीच आहे."

"नाई, दुरुस्तीवाला?"

मी त्याच्या हातातून रेडिओ घ्यायची, पेचकस लावायची आणि त्याच्यासमोर उघडायची. वाद घालून कुणी ऐकलं नसतं. रेडिओ वाजायला लागला की ऐकायचे.

पुढे रेडिओ गेले, टेप गेले. कोविडच्या काळात पुण्या-बंगळुरूची पोरं घरून काम करायला परत आली, ती मोठाले हेडफोन गळ्यात अडकवून. त्यांच्याबरोबर मला हे नवं खूळ लागलं. मी शिकले, सामान मागवलं, आणि ज्यानं-त्यानं मला एकच विचारलं, "अकोल्यात हे घेईन कोण?" मी ठरवलं होतं, घेईल तो घेईल, पण ऐकायला मिळेल ते अकोल्यातच. मुंबईला जावं लागणार नाही.

गिऱ्हाइकंही एकेक. एका वकीलसाहेबांचं सांगते. त्यांनी सगळं उत्तमातलं उत्तम आणलं होतं, आणि कानात सतत "घूंऽऽ" असा आवाज. मुंबईच्या विक्रेत्यानं अँप्लिफायर बदलून दिला, मग कन्व्हर्टर बदलून दिला. घूं तसंच. मला घरी बोलावलं तेव्हा मे महिना होता. मी यंत्रांकडे न जाता विचारलं, "तुमच्या घराचं अर्थिंग कुठे आहे?"

वकीलसाहेबांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या आईंना माहीत होतं. मागच्या अंगणात, तुळशीच्या कुंडीमागे. तिथली काळी माती उन्हानं अशी भेगाळली होती की हात आत जावा. कोरड्या मातीत अर्थिंग म्हणजे नावापुरतंच. मी बादली मागवली. पाणी ओतलं, भेगांनी ते गटागटा प्यायलं. आणखी ओतलं. आतून वकीलसाहेब ओरडले, "बाई, गेलं! आवाज गेला!"

बाहेर येऊन ते ओल्या जमिनीकडे बघत राहिले. "म्हणजे एवढ्या यंत्रांना मी पाणी पाजायचं?"

"यंत्रांना नाही, जमिनीला. आणि हे तात्पुरतं आहे. उद्या इलेक्ट्रिशियन बोलावून खड्डा नव्यानं भरून घ्या. घूं राहू दे, पण घरात कुणाला झटका नको बसायला."

हा किस्सा मी फार ठिकाणी सांगितला आहे आणि दर वेळी लोक हसतात. पण मला ज्याचा खरा अभिमान आहे ते काम वेगळंच होतं. त्यात हसण्यासारखं थोडंच होतं.

अमरावतीहून एक गृहस्थ आले. पांढरं धोतर, वर सदरा, काखेत भलामोठा खोका. बरोबर मुलगी, वर्षा. ती अमरावतीला शाळेत गणित शिकवते. गृहस्थांचं नाव वासुदेवभाऊ. मूळ घर नांदगाव खंडेश्वरकडचं, शेती भावाकडे सोपवून तरुणपणीच अमरावतीला आलेले. हार्मोनियम दुरुस्त करणं आणि तिचे सूर लावणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पुण्यात नाव काढलेल्या त्यांच्या एका शिष्यानं त्यांना परदेशी हेडफोन भेट पाठवले होते. मी खोका उघडला आणि मनात म्हटलं, वा. उघड्या पाठीचे, पातळ पडद्याचे, आणि प्रवाहाचे भुकेले.

"मोबाइलले लावले तं मच्छरावानी वाजते," वासुदेवभाऊ म्हणाले. ते जरा मोठ्यानं बोलत होते.

मी पंखा बंद केला, त्यांना चांगला कन्व्हर्टर आणि दणकट अँप्लिफायर जोडून दिला आणि एक ख्यालगायन लावलं. बहुतेक लोक या क्षणाला डोळे मिटतात. वासुदेवभाऊंनी थोडं ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"चांगलं आहे बाई. पण मले गाणं नाई ऐकाचं. मले माही पेटी ऐकाची आहे."

मला समजेना. वर्षानं खाली मान घालून सांगायला सुरुवात केली, पण वासुदेवभाऊंनी तिला थांबवलं. "मी सांगतो. लपवाचं काय त्याच्यात?"

नांदगावच्या बायकांच्या भजनी मंडळाची पेटी त्यांनी सूर लावून दिली होती. मंडळाच्या कमलाबाई ती परत घेऊन आल्या. दारातच म्हणाल्या, "भाऊ, वरच्या पट्टीत कानाले लागून राहिली." वासुदेवभाऊंच्या हातची पेटी आजवर कधी परत आली नव्हती. त्यांनी पेटी उघडली, वरच्या पट्ट्या एकेक दाबल्या. त्यांना सगळं ठीक ऐकू आलं. "तेवा समजलं," ते म्हणाले, "खराबी पेटीत नाई. माह्यात आहे."

इथे पेटीबद्दल थोडं सांगते. एका पट्टीखाली बहुतेक दोन रीड असतात, म्हणजे पितळेच्या दोन बारीक जिभा. दोघी तंतोतंत जुळल्या तर एकच सूर ऐकू येतो. किंचित जरी फरक असला तर आवाज हेलकावे खातो, वाव-वाव-वाव. सूर लावणारा तो हेलकावा ऐकतो आणि जिभेवर बारीक कानस फिरवत जातो. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. हेलकावा मंद होत होत थांबला की काम झालं. वरच्या सप्तकात हा हेलकावा फार बारीक असतो, आणि वयाबरोबर कान पहिल्यांदा सोडतात ते वरचंच.

"बाबांना मी म्हणते, आता पुरे," वर्षा म्हणाली. "आहे ते नाव राहू द्या. आणखी दोन पेट्या परत आल्या तर काय राहील?"

"पेटी परत आली म्हून बंद करू? नीट करून पाठवतो, मंग पाहू."

मी त्यांना स्पष्टच सांगितलं. "भाऊ, मी हेडफोनवाली आहे, डॉक्टर नाही. आधी कान तपासून या. मग बोलू."

त्यांनी ते केलं. अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. वरच्या सुरांचं ऐकणं दोन्ही कानांत बरंच उतरलं होतं, डाव्या कानात जास्त. श्रवणयंत्र मिळालं. बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं, नातवंडांचं बोबडं बोलणंही. पण वासुदेवभाऊ यंत्र लावून पेटीपुढे बसले आणि हताश झाले.

"सूर थरथरते बाई," त्यांनी फोनवर सांगितलं. "पट्टी दाबून धरली का सूर काऊन थरथरते? पेटीत दोष नसला तरी थरथरते. मंग म्या खरा हेलकावा कसा वयखू?"

डॉक्टरांनी मला कारण समजावलं. श्रवणयंत्राला स्वतःचीच शिट्टी वाजण्याची भीती असते. एकसारखा लांब सूर आला की त्याला ती शिट्टीच वाटते आणि ते तो दाबायला बघतं. माणसाच्या बोलण्यात असा लांब सूर नसतो. पेटीत दुसरं काही नसतंच. डॉक्टरांनी यंत्राची मांडणी संगीतासाठी बदलून दिली. थरथर कमी झाली, गेली नाही.

वर्षानं मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप टाकून दिलं. त्यावर सुई हलते. वासुदेवभाऊंनी ते नाकारलं नाही, वापरून पाहिलं. सुई दोन्ही जिभा बरोबर म्हणायची, आणि एकत्र वाजवल्या की वर्षाच्या तरुण कानांना हेलकावा ऐकू यायचा. "सुई जवळपास नेऊन सोडते," ते म्हणाले. "घरात मलेच जा लागते."

तेव्हा मी हे काम हातात घेतलं. बेत असा होता: पेटीला माइक लावायचा, त्याचा आवाज कन्व्हर्टरनं आकड्यांत घ्यायचा, संगणकात फक्त वरचे सूर डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे उचलायचे म्हणजे मोठे करायचे, दुसऱ्या कन्व्हर्टरनं त्याची पुन्हा लहर करायची, आणि चांगल्या अँप्लिफायरमधून त्या परदेशी हेडफोनमध्ये द्यायची; हेडफोन घालताना श्रवणयंत्र काढून ठेवायचं. हेडफोन बदलायचा नाही असं मी ठरवलं. तो कानांवर दाबत नव्हता, तासन्‌तास घालता येत होता, आणि शिष्यानं प्रेमानं दिलेला होता. त्याला शोभेल अशी बाकीची साखळी शोधणं माझं काम.

पहिल्या दिवशी माझ्या दुकानात मोठीच फजिती झाली. वासुदेवभाऊ कानस घेऊन पेटीवर वाकले आणि हेडफोनमधून जीवघेणी शिट्टी सुटली. उघड्या पाठीच्या हेडफोनमधला आवाज बाहेर पडत होता, माइक तोच पुन्हा उचलत होता, आणि तो फिरत फिरत वाढत होता. वासुदेवभाऊंनी हेडफोन झटक्यात काढले.

"बाप्पा! हे तं रेल्वे आली!"

मी माइक काढून टाकला आणि लाकडाला चिकटवायचा बटणाएवढा माइक लावला. तो हवेतलं काही ऐकत नाही, फक्त लाकडाचं कंपन ऐकतो. शिट्टी गेली. शिवाय दुसरा फायदा झाला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय काम होत नाही, आणि कूलरच्या घरघरीत वरचे सूर बुडतात. या माइकला कूलर ऐकूच येत नव्हता, त्यामुळे सुरांबरोबर त्याची घरघर वाढत नव्हती. वासुदेवभाऊंच्या घरी कूलर लावून काम करता येणार होतं.

पण खरी अडचण पुढेच होती. हेडफोनमध्ये बारीक "सूंऽऽ" येत होती, वाळू चाळल्यासारखी. वरचे सूर उचलले की त्यांच्याबरोबर तीही उचलली जायची. हेलकावा नेमका तिच्यात हरवायचा.

"वाढवा," वासुदेवभाऊ म्हणाले.

मी थोडा वाढवला.

"अजून वाढवा."

"भाऊ, डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा इथे संपते."

"थोडासा. आत्ता ऐकू येऊन राहिलं व्हतं, सुटलं."

"नाही."

त्यांनी स्वतः हात पुढे केला. मी बटणावर हात ठेवला. आम्ही दोघं तसेच, हातावर हात, थांबलो. 

"बाई, कान माहे आहेत."

"हो, तुमचेच आहेत. म्हणूनच. जेवढं उरलंय तेवढ्यावर तुम्हाला काम करायचंय. आज मी वाढवून देईन, सहा महिन्यांनी यापेक्षा जास्त मागाल, आणि मग द्यायला काही उरणार नाही."

"तुमी दुकानदार लोक. जे मागतलं ते द्या ना. उपदेश कायले?"

"माझ्या दुकानात आवाज वाढवून मिळणार नाही."

त्यांनी हेडफोन काढले, खोक्यात ठेवले, पेटी उचलली आणि गेले. वर्षा दारातून मागे वळून काहीतरी पुटपुटली, ते मला कळलं नाही. मला वाईट वाटलं. त्यांच्या वयाच्या माणसाशी मी इतकं कडक बोलायला नको होतं, असं रात्रीच्या जेवणात यजमानही म्हणाले. पण बटण फिरवलं असतं तर बरं झालं असतं, असं ना त्यांनी म्हटलं ना मला वाटलं.

त्यानंतर काही दिवस फोन आला नाही. मी मात्र काम सोडलं नाही. माइक दुकानातल्या टेबलाच्या लाकडाला चिकटवला आणि तशाच जातीच्या दुसऱ्या एका हेडफोनवर मी अँप्लिफायर बदलून बदलून पाहिले. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा लावला, ट्रान्झिस्टरचा लावला, नागपूरच्या एका ओळखीच्यांकडून जास्तच शांत असा एक उसना आणला. सूं तशीच. शेवटी मी सासऱ्यांनी रेडिओवर शिकवलं होतं तसं केलं: शेवटाकडून सुरुवात. अँप्लिफायरमध्ये येणारी वायर काढली. सूं बंद. म्हणजे अँप्लिफायर निर्दोष. दुसरा कन्व्हर्टर रिकामा वाजवला. शांत. म्हणजे घाण अगदी पहिल्या पायरीवर येत होती, लाकडावरच्या माइकचा आवाज जिथे आकड्यांत घेतला जात होता तिथे. तो चिमुकला माइक अतिशय अशक्त लहर देतो, आणि माझा पहिला कन्व्हर्टर ताकदीच्या माइकसाठी बनलेला होता. अशक्त लहर ओढून मोठी करताना तो आपली स्वतःची सरसर तिच्यात मिसळत होता. पुढची सगळी भारी यंत्रं ती सरसर इमानेइतबारे हेडफोनपर्यंत पोचवत होती.

माझ्या धंद्यात लोक शेवटच्या यंत्रावर जीव टाकतात, कारण ते डोळ्यांसमोर असतं. मीही तेच करत बसले होते.

मी माइकच्या लगेच पुढे बसेल असा एक छोटा मध्यस्थ अँप्लिफायर स्वतः सोल्डर केला. त्याचं काम एवढंच, की अशक्त लहर वाटेत मरू द्यायची नाही. पहिला कन्व्हर्टर बदलला. मग हेडफोन घातले. काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं वायर निघाली. बोटानं लाकडाला नख लावलं, आणि नख लाकडावर घसरलेलं स्वच्छ ऐकू आलं.

वर्षाला फोन केला. "भाऊ रागावले आहेत का?"

"रागावले नाहीत. बोलत नाहीत. पेटी उघडून बसतात आणि पुन्हा बंद करतात."

"त्यांना सांगू नकोस. मी उद्या सकाळी सगळं घेऊन अमरावतीला येते."

त्यांच्या घरी पोचले तेव्हा वासुदेवभाऊ ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, "या बाई," म्हणाले, आणि आत पाणी सांगितलं. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी पेटीला माइक चिकटवला, वायरी जोडल्या. अँप्लिफायरच्या बटणाला मी एक पितळी खुंटी बसवून आणली होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेपुढे बटण फिरणारच नाही. त्यांनी ती पाहिली. बोटानं ढकलून पाहिली. 

"आता परीक्षा घेऊ," मी म्हणाले. "तुम्ही बाहेर जा."

ते बाहेर गेल्यावर मी वर्षाला सांगितलं, वरच्या सप्तकातली हवी ती एक जीभ निवड आणि तिच्या टोकाला मेणाचा कण लाव. मेणाच्या वजनानं सूर केसभर उतरतो. कोणती निवडली ते मलाही सांगू नकोस, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळायला नको. तिनं मेण लावून पेटी बंद केली.  नंतर तिनं मला सांगितलं, तिला बाबा जिंकायला हवे होते आणि हरायलाही. हरले असते तर त्यांनी काम सोडलं असतं आणि घरात शांत बसले असते.

वासुदेवभाऊंनी हेडफोन घातले. भाता हलवला. एक पट्टी दाबली, धरून ठेवली. दुसरी. तिसरी. कूलर घरघरत होता. एका पट्टीवर ते थांबले, पुढे गेले, परत आले.

"इथी."

मी वर्षाकडे पाहिलं. तिनं मान डोलावली आणि पदरानं डोळे टिपले.

वासुदेवभाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पुढच्या पट्ट्या दाबत होते. "आणि इथीबी. इथी जरासं. अन्‌ हे, हे तं म्या केलेलं आहे, हे चुकलेलं आहे." त्यांनी हेडफोन वर सरकवले. चेहरा रागावलेला होता, पण राग माझ्यावर नव्हता. "कमलाबाई खरं सांगत व्हत्या. कशी दिली म्या हे पेटी?"

"भाऊ, सरसर आहे का कानात?"

"कोणती सरसर?" म्हणाले आणि हेडफोन पुन्हा खाली ओढले. "वर्षा, कानस दे. बारीकवाली."

त्या दिवशी त्यांनी एकदाही बटणाला हात लावला नाही. पुढचा आठवडाभर ते काम करत होते. सकाळी कान ताजे असताना वरचं सप्तक, दुपारी खालचं, अधूनमधून विश्रांती. डाव्या कानाचा भरवसा नव्हता, म्हणून शेवटचा निवाडा उजव्या कानाचा. सुईवालं ॲप त्यांनी फेकून दिलं नाही. आधी सुईनं जवळ जायचं, मग कानांनी आत. मला एक खंत राहिली. त्यांच्यासारखे सूर लावणारे आमच्या भागात आणखी होते, त्यांनी कान गेल्यावर मुकाट्यानं काम सोडलं. ते माझ्या दुकानावरून जाता-येताना मला ओळखत होते. मला तेव्हा सुचलं नाही, त्यांनाही नाही.

पेटी पोचवायला वासुदेवभाऊ, वर्षा आणि मी नांदगावला गेलो. मंदिराच्या सभामंडपात बायका जमल्या होत्या. कमलाबाई म्हणजे उंच, सावळ्या, शेतात राबलेल्या हातांच्या. त्यांनी पेटी घेतली, झाकण उघडलं, आणि कुणाकडे न बघता सरळ वरच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. एकेक दाबत गेल्या. मग सगळ्यांना खूण केली आणि भजन सुरू झालं.

वासुदेवभाऊ मागे खांबाला टेकून बसले होते. हेडफोन घरी होते, आणि पेटीची वायरींची साखळीही. टाळांच्या, मृदंगाच्या गलक्यात वरचे सूर त्यांच्या कानापर्यंत पोचत नसणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते पेटीकडे बघतच नव्हते. एकेक बाईच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुणी कपाळाला आठी घालतं का, कुणी सूर सोडून खाली उतरतं का. मी जे रोज दुकानात करते तेच.

भजनात एक जागा येते, तिथे कमलाबाई वर जातात. त्या गेल्या. पेटी त्यांच्याबरोबर गेली. बाकीच्या बायका मागे राहिल्या नाहीत, त्याही गेल्या. वासुदेवभाऊंनी माझ्या दंडाला स्पर्श केला.

"लागलं का?" त्यांनी हळू विचारलं.

"लागलं."

"पक्कं?"

"भाऊ, त्यांना बघा ना."

भजन संपलं. प्रसाद वाटला. कमलाबाई पेटी गुंडाळत होत्या. वासुदेवभाऊ जवळ जाऊन उभे राहिले. पेटी चांगली झाली म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. वासुदेवभाऊंनी गळ्यातला रुमाल काढून हातात धरला होता, तो पिळत होते. शेवटी कमलाबाईंनी मंडपाच्या कोपऱ्यात पडलेल्या दुसऱ्या एका जुन्या, धूळ खाल्लेल्या पेटीकडे बोट दाखवलं.

"भाऊ, आमची ही एक आहे. माह्या सासूच्या टायमाची. भाता फाटला, सूर गेले. कोनाले देऊ देऊ म्हून तशीच पडून राहिली. घेऊन जाता का?"

वासुदेवभाऊंनी श्रवणयंत्राला बोट लावलं, नीट ऐकू आलं की नाही याची खात्री केल्यासारखं.

"कवा पायजे?"

"पोळ्याच्या आंधी."

वर्षानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वासुदेवभाऊ तोवर खाली वाकले होते. त्यांनी त्या जुन्या पेटीवरची धूळ रुमालानं झटकली, झाकण उचलून आतल्या पितळेकडे बराच वेळ निरखून पाहिलं, आणि म्हणाले,

"पोळ्याच्या आंधी नाई होत. लय काम आहे हिचं. दसऱ्याले देतो."